तेजोमेघासाठी रोल निवडताना डब्यावरचा आयएसओ विसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा निकॉन एफएम२ कॅमेरा हाती आलाय, सोबत ५० मिमी आणि १८० मिमी एफ/२.८ अशा दोन लेन्स आहेत, आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा छोटा स्टार ट्रॅकर आहे. डिजिटलवर मृगातला तेजोमेघ काढून झालाय, आता तोच फिल्मवर हवाय. फ्रीजमध्ये कोडॅकच्या काळ्या-पांढऱ्या ट्राय-एक्स ४०० चे चार रोल पडून आहेत, ते चालतील का? की सरळ आयएसओ ८०० चा रोल घ्यावा? आणि जुन्या लेखांमध्ये फिल्म 'हायपर' करायला, म्हणजे वापरण्याआधी वायूत भाजून जास्त संवेदनशील करायला सांगितलंय, ते घरी जमेल का?

आधी सरळ उत्तर देतो. ट्राय-एक्स घरातल्या लग्नासाठी ठेवा. तेजोमेघाच्या लाल रंगासाठी कोडॅकचा रंगीत एक्टाक्रोम ई१०० घ्या, काळ्या-पांढऱ्यात बाकीच्या आकाशासाठी फुजीचा अ‍ॅक्रॉस १०० टू. दोन्ही आयएसओ १०० चे आहेत आणि हे चुकून लिहिलेलं नाही. हायपरच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी रोल कोरडा ठेवायला शिका. आता हे का, ते नीट सांगतो, कारण एकदा कारण कळलं की पुढच्या वेळी दुकानात कोणताही रोल समोर आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

डब्यावर छापलेला आयएसओ उजेडातला असतो. सेकंदाच्या शंभराव्या, हजाराव्या भागात भरपूर प्रकाश पडला तर फिल्म किती चपळ, एवढंच तो सांगतो. आकाशातला प्रकाश तसा येत नाही, तो थेंब थेंब येतो. फिल्मच्या लेपात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. स्फटिकावर एक प्रकाशकण पडला की चांदीचा एक अणू सुटा होतो. हा एकटा अणू टिकत नाही. साधारण सेकंदाभरात तो पुन्हा क्षारात विरून जातो. तेवढ्यात दुसरा प्रकाशकण आला तर दोन अणूंची जोडी जमते आणि ती बऱ्यापैकी टिकते. असे चारेक अणू एका जागी गोळा झाले की तो स्फटिक डेव्हलपरमध्ये काळा पडायला तयार होतो. गळक्या घागरीत नळाची धार सोडली तर घागर भरते, थेंब थेंब सोडलं तर रात्रभरात तळही ओला राहत नाही. तेजोमेघाच्या फिकट कडांशी फिल्मचं नेमकं हेच होतं. कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या काचेच्या फोटो-प्लेट मोजताना हा गळतीचा हिशेब मांडला, म्हणून त्याला श्वार्त्सशिल्ट परिणाम म्हणतात. फिल्मवाल्यांच्या बोलण्यात मात्र 'रेसिप्रॉसिटी फेल्युअर' हाच शब्द रुळलाय.

आता तुमच्या ट्राय-एक्सकडे बघा. कोडॅकचा प्रसिद्ध तक्ता म्हणतो: मीटरनं १ सेकंद सांगितला तर २ द्या, १० सांगितले तर ५० द्या, १०० सांगितले तर १२०० द्या. म्हणजे वीस मिनिटं शटर उघडं ठेवलंत तर त्यातली कामाची शंभर सेकंदं. बारा पट गळती! चारशेचा रोल वीस मिनिटांना आयएसओ ३३ च्या आसपास येऊन बसतो. इल्फर्डचा एचपी५ जरा बरा. इल्फर्ड घातांकाचं सूत्र देतं (मीटरच्या सेकंदांचा तेवढा घात म्हणजे द्यायचे सेकंद), एचपी५ साठी तो १.३१ आहे. त्यानं गणित केलं तर १००० सेकंदांच्या एक्सपोजरमधले सुमारे १९५ सेकंद पदरात पडतात, म्हणजे चारशेचा झाला ७८. एफपी४ चा घातांक १.२६. त्याचा सव्वाशेचा वेग १००० सेकंदांना तीसवर उतरतो. आणि अ‍ॅक्रॉस? फुजी सांगतं की १२० सेकंदांपर्यंत काहीही भरपाई नको, तिथून १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). म्हणजे शंभरचा झाला सत्तर. पंधरा-सोळा मिनिटांच्या सुमारास शंभरचा अ‍ॅक्रॉस हा चारशेच्या एचपी५ च्या बरोबरीनं पळतो आणि चारशेच्या ट्राय-एक्सला मागे टाकतो, तेही कितीतरी बारीक कणांनी. प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी असते, तेव्हा हे आकडे सोनाराच्या काट्यावर तोलू नका. पण चित्र एवढं उघड आहे की तोलायची गरजही पडत नाही.

आयएसओ ८०० चं उत्तरही यातच आलं. चपळ रोलचे कण मोठे असतात आणि जास्त चपळाई ही मुख्यतः उजेडातली असते. शंभर-दोनशेचा, पण गळती कमी असलेला रोल आकाशात बहुतेक वेळा जिंकतो.

इतकं वाचून अ‍ॅक्रॉसचे दहा रोल मागवू नका, कारण दुसरी परीक्षा बाकी आहे आणि तीत अ‍ॅक्रॉस नापास होतो. तेजोमेघांचा लाल रंग हा हायड्रोजनचा प्रकाश आहे आणि तो ६५६.३ नॅनोमीटरवर, एका बारीक रेषेत येतो. आपल्या डोळ्याची धार ५५५ च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण, ६५६ ला ती पार बोथट होते. फिल्म बनवणाऱ्यांनी रोल माणसांच्या डोळ्याला साजेसे, चेहरे आणि झाडं नैसर्गिक दिसावीत असे बनवले. त्यामुळे बऱ्याच फिल्मची लाल संवेदना ६४०-६५० च्या सुमारास कड्यावरून पडावी तशी कोसळते. नेमकी आपली रेषा कड्याच्या पलीकडे! अ‍ॅक्रॉस त्यातलाच.

मी हे पैसे मोजून शिकलो. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतूसाठी आणलेल्या निगेटिव्हच्या रोलवर धूमकेतू झकास आला: निळी वायूची शेपटी, पिवळट धुळीची शेपटी, दोन्ही वेगळ्या. त्याच जोरावर त्या वर्षीच्या हिवाळ्यात तसलेच तीन रोल घेऊन भंडारदऱ्याला गेलो आणि शृंगाश्वातल्या रोझेट तेजोमेघावर चार रात्री घातल्या. प्रिंट आल्या तेव्हा मधला तारकागुच्छ स्वच्छ होता आणि भोवतीच्या गुलाबाचा मागमूसही नव्हता. तेव्हा मी ट्रॅकिंगला दोष दिला, हवेला दिला, लॅबला तर दिलाच. खरं म्हणजे रोलला तो रंग दिसतच नव्हता. आंधळ्याला आरसा दाखवल्यासारखं ते झालं.

तेव्हा रोल घेण्याआधी एक काम करा. कोडॅक, फुजी, इल्फर्ड या सगळ्यांच्या फिल्मची तांत्रिक पत्रकं फुकट मिळतात. त्यात वर्णपट-संवेदनेचा आलेख असतो. आडव्या अक्षावर ६५६ शोधा, पट्टी उभी धरा आणि बघा रेषा अजून वर आहे की तळाला टेकली. मग तक्त्यात दोन मिनिटांपुढची भरपाई बघा. या दोन गोष्टी पाहिल्या की रोलची कुंडली कळली. बाकी जाहिरात.

लालच्या परीक्षेत एकेकाळी पहिला यायचा, आणि हायपर केल्यावर गळतीच्या परीक्षेतही, तो कोडॅक टेक्निकल पॅन २४१५. आम्ही त्याला नुसतं टेक पॅन म्हणायचो. संवेदना पार ६९० नॅनोमीटरपर्यंत, कण इतके बारीक की भिंतीएवढी प्रिंट काढली तरी दिसू नयेत. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या यूके श्मिट दुर्बिणीनं हायड्रोजन-अल्फाचं, म्हणजे त्याच लाल रेषेचं, सर्वेक्षण केलं तेव्हा काचेच्या प्लेट बाजूला ठेवून याच फिल्मचे मोठे तुकडे वापरले. आमच्याकडे तो अमेरिकेतल्या मेहुण्याच्या बॅगेतून यायचा, आणि एकेक फ्रेम आम्ही दिवाळीच्या फराळासारखी पुरवून वापरायचो. कोडॅकनं तो या शतकाच्या सुरुवातीलाच बंद केला. अजून कुणीतरी मुदत संपलेले रोल विकतं. कायम डीप फ्रीजरमध्ये ठेवलेला असेल तर त्यात जीव असू शकतो, पण विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज तुमच्या हातात पुरावा काही नसतो. मी घेणार नाही.

आज काळ्या-पांढऱ्यात लालसाठी इल्फर्डचा एसएफएक्स २०० आहे, ७४० नॅनोमीटरपर्यंत बघतो. पण त्याचा गळतीचा घातांक १.४३, म्हणजे घागर नाही, चाळणीच. रोलायच्या नावानं मिळणारे रेट्रो ८०एस, सुपरपॅन २०० हे मुळात विमानातून जमिनीचे फोटो घ्यायच्या फिल्मचे भाऊबंद. तेही लाल छान बघतात, गळती तिथेही आहे. गडद लाल फिल्टर लावून, एफ/२.८ वर, तासाभराच्या तयारीनं बसणाऱ्यानं ते जरूर वापरावेत. पहिल्या मोसमात नको. अ‍ॅक्रॉस कशासाठी ठेवायचा तेही सांगतो: देवयानी दीर्घिका, कृत्तिका, तारकागुच्छ, धूमकेतू. जिथे लाल रेषेवर मदार नाही तिथे त्याच्यासारखा रोल आज दुसरा नाही.

रंगीतमध्ये पूर्वी एक्टाक्रोम ई२०० होता. गळती कमी, लाल उत्तम, एक-दोन स्टॉप पुश केला, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून वेग वाढवला, तरी रंग सांभाळून राहायचा. तो गेला. कोडॅकनं २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणलेला ई१०० हा आज त्याच्या सगळ्यात जवळचा. मृगाची तलवार, पट्ट्याखालचा अश्वमुखाचा भाग, बार्नार्डची कमान यांचा लाल रंग त्यावर उतरतो. फुजीचा प्रोव्हिया १००एफ मिळाला तर घ्या, त्याला १२८ सेकंदांपर्यंत काहीच भरपाई लागत नाही. हे दोन्ही स्लाइडचे रोल आहेत, ई-६ पद्धतीनं धुवावे लागतात. ती सोय मोजक्या शहरांत उरलीय, तेव्हा कुरिअरचा खर्च आणि पंधरा दिवसांची वाट धरून चाला. साधे निगेटिव्ह रोल जवळपास धुऊन मिळतात हा त्यांचा मोठा गुण आहे. पण मग आलेखावर ६५६ बघितल्याशिवाय घेऊ नका. रोझेट लक्षात ठेवा.

आता हायपरबद्दल. तुम्ही वाचलं ते खोटं नाही, पण ते ज्या फिल्मसाठी होतं त्या फिल्म आता नाहीत. घागर गळते त्यात लेपातल्या ऑक्सिजनचा आणि ओलाव्याचा मोठा हात असतो. तो सुटा अणू जमायच्या आतच हे दोघे मोडून टाकतात. म्हणून वेधशाळांमधले लोक आधी प्लेट कोरड्या नायट्रोजनमध्ये तापवायचे, दोघांना हाकलून लावायचे. १९७० च्या दशकात त्यात हायड्रोजन आला. हायड्रोजन स्फटिकावर आधीच चांदीची एखादी बी पेरून ठेवतो, मग प्रकाशकणांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. वेधशाळेत रात्रीच्या निरीक्षणाआधी प्लेट भाजून तयार ठेवणं हे स्वयंपाकाइतकंच नित्याचं काम होतं. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेच्या डेव्हिड मॅलिन यांनी अशा प्लेटमधून डोळ्याला न दिसणारा फिकटपणा उकरून काढण्याची पद्धत बसवली. 'मॅलिन १' ही महाकाय फिकट दीर्घिका त्यातूनच सापडली. हौशी लोक टेक पॅन एका टाकीत घालत, पंपानं हवा काढत, मग ८ टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण भरून पन्नासेक अंशांवर दिवसभर ठेवत. तासाभराच्या एक्सपोजरला त्यानं कित्येक पट फरक पडायचा.

मी हे घरी करून पाहिलंय, फक्त नायट्रोजनवर. नायट्रोजन एसी दुरुस्त करणाऱ्याकडून आणला, ते लोक गळती तपासायला कोरडा नायट्रोजन वापरतात. पंपही त्याचाच. टाकी म्हणून घेतला जुना प्रेशर कुकर, आणि पहिली फजिती तिथेच झाली. आमच्या कुकरचं झाकण आतून बसणारं होतं. आत वाफेचा दाब असला की ते काठाला घट्ट चिकटतं. आपण हवा काढायला लागलो की उलटं होतं, झाकण आत ओढलं जातं आणि काठ सुटतो. पंप अर्धा तास घरघरतोय आणि काटा जागचा हलत नाही! बायकोनं येऊन झाकण बघितलं आणि एका वाक्यात कारण सांगितलं. मग बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर शोधला. रोल डबीतच ठेवला तर वेटोळ्यांमध्ये वायू शिरत नाही, म्हणून अंधारात काढून धुण्याच्या टाकीतल्या स्टीलच्या चक्रीवर गुंडाळला. प्लायवूडच्या खोक्यात दिवा लावून ऊब दिली. तापमान राखणारी कळ रात्री कधीतरी अडकली. दोन दिवसांनी रोल धुतला तर टोकापासून टोकापर्यंत एकसारखा राखाडी, पावसाळ्यातल्या आभाळासारखा. फिल्म भाजण्यात आणि करपवण्यात अंतर फार थोडं असतं. जमलेले रोल हातात आले ते सहाव्या-सातव्या प्रयत्नानंतर, तेही दर वेळी रोलचा तुकडा कापून, साध्या आणि भाजलेल्या तुकड्यांवर एकसारखा मंद प्रकाश टाकून, एकत्र धुऊन, शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर.

तुम्ही हे करू नये याची कारणं दोन. आजच्या अ‍ॅक्रॉस, प्रोव्हिया, ई१०० सारख्या फिल्ममध्ये गळती मुळातच कमी केलेली आहे, त्यांना भाजून पदरात फारसं पडत नाही; रंगीत रोलचे तिन्ही थर वेगवेगळे प्रतिसाद देतात आणि रंग बिघडतो ते निराळंच. दुसरं कारण हायड्रोजन. हवेत तो ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीला पेटतो. स्वयंपाकघराच्या शेजारी त्याचं सिलिंडर ठेवणं हा छंद नव्हे. आणि कुणी तुम्हाला सांगेल की टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन चालतो. नाही चालत, तो तेवढा शुद्ध नसतो.

मग तयारी म्हणून करायचं काय? आपल्याकडे शत्रू एकच, दमटपणा. रोल आणल्या आणल्या डबीसकट हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा फ्रीजमध्ये. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तट्ट झालेत असं समजा आणि गरम करून पुन्हा निळे करा. त्यासाठी वेगळी कढई ठेवा, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही. दुपारी बाहेर काढा, बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, संध्याकाळी उघडा. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं थंड फिल्मलाही सुटतं, फरक इतकाच की फिल्म फडक्यानं पुसता येत नाही.

कोरडेपणाचंही अती नको. खडखडीत कोरडी फिल्म दवाच्या रात्री कॅमेऱ्यात उघडी पडली की हवेतला ओलावा पिते आणि एक्सपोजर चालू असतानाच मधोमध फुगते. परिणाम असा की फ्रेमच्या कडेचे तारे टाचणीच्या टोकाएवढे आणि मधले फुगलेले. हे बघून लोक फोकसला शिव्या घालतात. उपाय साधा आहे. रोल संध्याकाळी लवकर भरा, तासभर बाहेरच्या हवेत कॅमेऱ्यात बसू द्या, आणि प्रत्येक वेळी फ्रेम पुढे सरकवल्यावर पाचेक मिनिटं थांबून मग शटर उघडा. सरकवायचंही हळू. जानेवारीतल्या कोरड्या थंडीत लिव्हर झटक्यात ओढलात तर फिल्म घासून स्थिर विजेची ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारखी वीज उमटते. माझ्याकडे अशी एक फ्रेम आहे. पाहुणे तिला तेजोमेघ समजतात.

विमानानं रोल नेत असाल तर चेक-इनच्या सामानात कधीच टाकू नका. हातातल्या सामानातही नवी सीटी यंत्रं असतील तर हातानं तपासायची विनंती करा.

एफएम२ तुमचं भाग्य आहे. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक, 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) तासभर ठेवलं तरी बॅटरीची गरज नाही. कुलूप लागणारी केबल रिलीज तेवढी घ्या. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. रोल भरण्याआधी पाठ उघडा, फिल्म जिथून सरकते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, शटर 'बी'वर उघडा आणि व्याधाची प्रतिमा भिंगातून बघत सगळ्यात लहान करा. मग लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी.

डिजिटलवरून येणाऱ्यांची एक सवय इथे घात करते. तिथे साठ-साठ सेकंदांच्या शंभर फ्रेम घेऊन बेरीज करता येते, ट्रॅकरची चूक झाकली जाते. फिल्मवर एकाच फ्रेमवर दहा वेळा दोन मिनिटं दिलीत तर प्रकाशाची बेरीज होते, पण ट्रॅकरची चूकही त्याच फ्रेमवर साठत जाते, नंतर जुळवून घेता येत नाही. तेव्हा वीस मिनिटं सरळ एका दमात द्या. आणि तेवढा वेळ तारा फिल्मवर २५ मायक्रॉनच्या आत धरून ठेवायचा तर ५० मिमी लेन्सला सुमारे १०० विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चूक खपते, १८० मिमीला जेमतेम २९. म्हणून पहिला रोल ५० मिमीवरच घाला. अख्खं मृग नक्षत्र त्यात बसतं. १८० ला गायडिंग लागेल, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सतत दुरुस्त करत राहणं. ते जमलं की मात्र देवयानी दीर्घिकेची तीन अंशांची लांबी फिल्मवर नऊ-साडेनऊ मिलिमीटर येते, बघण्यासारखी. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून एकोणीस-वीस अंशांवरच असतो, बऱ्याचदा धुरकट पट्ट्यात हरवतो. त्यामुळे ट्रॅकरचा अक्ष लावायला अर्धा तास जास्तीचा धरा.

वेळ मात्र पंचांग बघून ठरवा, हौसेनं नाही. मृगासाठी डिसेंबर-जानेवारीतली अमावास्येच्या अलीकडची-पलीकडची रात्र. धनू-वृश्चिकातली आकाशगंगा हवी असेल तर मार्च-एप्रिलच्या पहाटे, कारण ती संध्याकाळच्या आकाशात यायच्या सुमारास आपल्याकडे पाऊस येऊन टेकतो.

पहिल्या रात्री एकच गोष्ट शोधायची आहे, तुमच्या जागेचं आकाश किती वेळात फिल्मवर चढतं ती. एफ/४ वर ५, १०, २०, ४० मिनिटं अशा चार फ्रेम द्या, प्रत्येक वही-पेन्सिलनं नोंदवून. काळी-पांढरी निगेटिव्ह धुऊन आली की तारे बघू नका. आकाशाची पार्श्वभूमी आणि फिल्मच्या कडेची कोरी पट्टी शेजारी शेजारी बघा. पार्श्वभूमी कडेपेक्षा थोडी गडद झाली असेल तिथे थांबा. तेवढीच असेल तर एक्सपोजर कमी पडलंय, फारच गडद असेल तर गावाचे दिवे साठवलेत. ज्या मृग तेजोमेघासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा मधला चौकडीचा भाग चाळीस मिनिटांत जळून पांढरा होतो आणि पाच मिनिटांतच सुंदर दिसतो. दोन्ही फ्रेम ठेवा, स्कॅन करून जोडता येतात.

आणि रोल भरल्यावर पहिली फ्रेम दिवसाची काढा, घराची, अंगणातल्या तुळशीची, कशाचीही. आकाशाच्या फ्रेमला कडा नसतात. कापणाऱ्याला फ्रेम कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. एका लॅबनं माझी देवयानी बरोबर मधोमध कापून, दोन अर्ध्या भागांना दोन सुबक पुठ्ठ्याच्या चौकटी लावून परत दिली होती. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितो: 'कापू नका, चौकटी लावू नका, रोल कोरा वाटला तरी द्या.'